तांडेल कसा निवडावा?

दिवाळीच्या सुमारास मालवणच्या किनाऱ्यावर एक फेरी मारावी. पावसाळाभर झापांखाली झाकून ठेवलेल्या होड्या नारळी पौर्णिमेनंतर केव्हाच पाण्यात लोटलेल्या असतात, हंगाम भरात आलेला असतो, आणि चार माणसे जमली की बोलणे हटकून एका गोष्टीवर येते : यंदा कोणाच्या होडीवर तांडेल कोण? होडी पैसे मोजले की मिळते, जाळी मिळतात, इंजिनही मिळते. तांडेल मात्र पारखून घ्यावा लागतो. इकडची जुनी माणसे म्हणतात, "एकदा होडी दर्यात गेली काय मालक खंयचो नि सावकार खंयचो! थंय तांडेल सांगात तीच पूर्व." आता वायरलेस आले, मोबाइल आले; तरी वारा फिरण्याच्या ऐन क्षणी सुकाणूवर हात असतो तो तांडेलाचाच. मालकाने जे सांगावयाचे ते आधी सांगून ठेवावयाचे, आणि उरलेले त्याच्या अकलेवर सोडून स्वस्थ बसावयाचे.

मंगळाकडे, गुरूकडे, प्लूटोकडे जी निर्मनुष्य याने जातात त्यांच्यावरही असाच एक तांडेल असतो. त्याला हात-पाय नाहीत, मिशा नाहीत, तो विडी ओढीत नाही. तो म्हणजे यानावरचा संगणक. अग्निबाणाचा धूर आणि गडगडाट सर्वांनी पाहिलेला असतो. पण यान पृथ्वी सोडून गेल्यावर पुढची पाच-दहा वर्षे त्याचे बरे-वाईट ज्याच्या हाती असते, त्या बापड्याची चौकशी कोणी करीत नाही. यंदाच्या या सदरात ती करावी असे योजिले आहे.

चौकशीला लागताच पहिला धक्का बसतो तो असा. १९७७ साली निघालेल्या व्हॉयेजर यानांपैकी प्रत्येकावर सहा संगणक आहेत, आणि त्या साहींची स्मृती एकत्र केली तरी ती सत्तर हजार अक्षरांच्या आतबाहेर भरते. मोबाइलवर काढलेल्या एका साध्या फोटोला याच्या कितीतरी पट जागा लागते. "बरे, ते जुने झाले," असे म्हणाल, तर २०२१ साली मंगळावर उतरलेल्या 'पर्सिव्हिअरन्स' या गाडीचा मुख्य संगणकही ज्या जातीचा आहे ती जात विसाव्या शतकाच्या अखेरीस टेबलावरच्या संगणकांत नांदत होती. शाळेत जाणारा कोणताही चुणचुणीत मुलगा विचारील, "इतके हजारो कोटी खर्च करणाऱ्यांना जरा चांगला संगणक परवडला नाही काय?"

प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर किनाऱ्यावरच्या त्याच बोलण्यात आहे. मालक तांडेल निवडतो तेव्हा त्याला चारचौघांत शहाणपण मिरवणारा माणूस नको असतो. किनारा दिसेनासा झाल्यावर, विचारावयाला कोणी नसताना, हा मनुष्य काय करील हे त्याला पाहावयाचे असते.

हे "विचारावयाला कोणी नसणे" म्हणजे काय ते नीट समजून घेतले पाहिजे. आपले मंगळयान ५ नोव्हेंबर २०१३ रोजी श्रीहरिकोटाहून निघाले आणि २४ सप्टेंबर २०१४ च्या सकाळी मंगळाशी पोहोचले. तेथे मुख्य इंजिन सुमारे चोवीस मिनिटे पेटवून वेग कमी करावयाचा होता. वेग उतरला नाही तर यान मंगळाला बगल देऊन कायमचे निघून जाणार. आणि हे इंजिन सुमारे तीनशे दिवस झोपलेले! त्या दिवशी संदेश एका बाजूने जावयास साडेबारा मिनिटे लागत होती. म्हणजे इंजिन पेटल्याची वार्ता बंगळुरूला पोहोचली तेव्हा तिकडे निम्मे काम उरकले होते. वार्ता वाईट असती, तर तिच्यावरचा उपाय तेथे पोहोचावयास आणखी साडेबारा मिनिटे. तोवर सगळा खेळ आटोपलेला. त्यात यान मध्येच मंगळाच्या आड गेले आणि काही काळ वार्ता बंदच झाली. म्हणून साऱ्या आज्ञा काही दिवस आधीच संगणकाच्या पदरात घातलेल्या होत्या. त्या सकाळी शास्त्रज्ञांनी करावयाचे काम एकच होते : वाट पाहणे.

पुढे जून २०१५ मध्ये पृथ्वी आणि मंगळ यांच्यामध्ये सूर्य आला आणि सुमारे पंधरवडाभर बोलणेच खुंटले. आपल्या निवतीसमोर भर समुद्रात वेंगुर्ला रॉक्सचा दीपस्तंभ आहे. पावसाळ्यात दर्या खवळला की तेथे होडी लागत नाही. मंगळयानाची ती अवस्था समजावयास कोकणच्या माणसाला यापेक्षा वेगळे उदाहरण नको. त्या पंधरवड्यात यानाने आपला प्रपंच आपणच सांभाळला.

तेव्हा तांडेल पारखताना पहिला प्रश्न हा की, शिकवलेले बदलून घेण्याची त्याची तयारी आहे काय? १९७१ साली या एका प्रश्नावर केवढा फरक पडला पाहा. त्या वर्षी अमेरिकेचे मरिनर-९ आणि रशियाची मार्स-२ व मार्स-३ ही याने काही दिवसांच्या अंतराने मंगळाशी पोहोचली. पाहतात तो सारा ग्रह धुळीच्या वादळात बुडालेला! मरिनरचा संगणक अगदी गरीब, त्याच्या स्मृतीत अवघ्या ५१२ शब्दांची जागा. पण ते शब्द पृथ्वीवरून पुसून नव्याने लिहिता येत होते. त्याला कळवण्यात आले, "बाबा रे, थांब." तो थांबला, धूळ बसल्यावर कामाला लागला, आणि १९७२ च्या ऑक्टोबरात त्याचे काम संपेपर्यंत त्याने ७,३२९ चित्रे पाठवली. मंगळावरचा प्रचंड ज्वालामुखी आणि हजारो किलोमीटर लांबीची दरी जगाला दिसली ती या चित्रांत. रशियन यानांचा कार्यक्रम मात्र आधीच ठरून गेलेला होता, तो बदलण्याची सोय नव्हती. त्यांनी ठरल्या वेळी आपली उतरणारी पेटारी वादळात सोडून दिली. मार्स-२ ची आदळली. मार्स-३ ची अलगद टेकली, मंगळावर सुखरूप टेकलेली ती पहिली. पण वीसएक सेकंद बोलून ती जी गप्प झाली ती कायमची. ती नेमकी कशाने मुकी झाली हे सिद्ध झालेले नाही. पण थोडे थांबून पाहण्याची मुभाच तिला नव्हती, हे खरे. हुकुमाचा ताबेदार असणे हा गुण खरा. पण वादळात तोच दोष ठरतो.

दुसरा प्रश्न : तांडेल एक असावा की अनेक? एकच मोठा संगणक सर्व कारभार पाहील तर हिशेब सोपा, वजन कमी, पण तो आजारी पडला की होडी बुडाली. कामे वाटून दिली तर एक बिघडल्याने सर्व बिघडत नाही. मात्र त्यांचे आपसांत पटवून देण्याचे नवे काम उपटते. एकत्र कुटुंब आणि विभक्त कुटुंब यांचे फायदे-तोटे जाणणाऱ्याला हे निराळे सांगावयास नको.

अमेरिकेच्या जेपीएल या प्रयोगशाळेत १९६० नंतरच्या दशकात 'स्टार' नावाचा एक संगणक आकारास येत होता. आपल्यात काय बिघडले ते आपणच शोधावयाचे, निकामी भाग आपणच बाजूला सारून राखीव भाग कामाला लावावयाचा, अशी त्याची विद्या. बाहेरच्या ग्रहांच्या दीर्घ सफरीसाठी त्याची निवड व्हावी असा बेत होता. पण ती सफर खर्चापायी रद्द झाली, आणि तिच्या जागी जी लहान मोहीम आली तिच्या वाट्याला आला व्हायकिंग यानाचा आज्ञा देणारा साधा संगणक. तोही दुहेरी. त्याच्या जोडीला यानाची दिशा सांभाळणारा दुसरा आणि माहितीची गाठोडी बांधून पृथ्वीकडे पाठवणारा तिसरा, प्रत्येकाची जोडी. ही लहान मोहीम म्हणजेच व्हॉयेजर. विद्वान नवरदेव हुकला म्हणून ओळखीतल्या कष्टाळू मुलाला मुलगी द्यावी आणि तिने पुढे पन्नास वर्षे सुखाचा संसार करावा, त्यातला हा प्रकार झाला.

या साध्या तांडेलाने काय काय सोसले! व्हॉयेजर-२ हे १९८६ च्या जानेवारीत युरेनसपाशी जावयाचे होते. इतक्या लांबून चित्रे धाडावयाची तर संदेश क्षीण होणार. तेव्हा माहिती बांधणाऱ्या जोडीतला राखीव संगणकही कामाला जुंपून, चित्रे आवळून लहान करण्याची युक्ती त्याला पृथ्वीवरून शिकवण्यात आली. यान निघाले तेव्हा ती त्याला ठाऊक नव्हती. पुढे १४ नोव्हेंबर २०२३ रोजी व्हॉयेजर-१ ने अर्थहीन बडबड सुरू केली. त्याच्या माहिती बांधणाऱ्या जोडीतला एक संगणक १९८१ सालीच गेलेला होता. उरलेल्याच्या स्मृतीतील एक तुकडा आता निकामी झाला होता. यान २,४०० कोटी किलोमीटरांवर, संदेश एका बाजूने जावयास साडेबावीस तास, मूळचे कारागीर बहुतेक केव्हाच निवृत्त झालेले. जुने कागद धुंडाळून नव्या मंडळींनी ठरवले की, बिघडलेल्या जागेतला मजकूर उचलून दुसरीकडे न्यावयाचा. पण तेवढी सलग जागा कोठेच मोकळी नाही! मग त्याचे तुकडे केले आणि जागा मिळेल तेथे एकेक बसवला, चाळीतल्या खोलीत पाहुणे झोपवावेत तसे. १८ एप्रिल २०२४ ला हुकूम गेला, २० एप्रिलला उत्तर आले, आणि उत्तरात अर्थ होता. शेहेचाळीस वर्षांपूर्वी ज्यांनी हा संगणक पसंत केला त्यांनी त्यात एक गोष्ट राखली होती : त्याला पुन्हा शिकवता येण्याची. तिचे मोल त्या दिवशी कळले.

तिसरा प्रश्न प्रकृतीचा. पृथ्वीभोवती हवेचे आणि चुंबकत्वाचे पांघरूण आहे म्हणून आपल्याला त्याची जाणीव होत नाही. पण बाहेर अवकाशात विद्युतभारित कणांचा सतत मारा चाललेला असतो. एखादा कण संगणकाच्या स्मृतीत घुसला की लिहिलेल्या शून्याचा एक होतो, किंवा एकाचा शून्य. तुमच्या-आमच्या वहीत 'नको'चे 'हवे' झाले तर जे होईल ते तेथे होते. अलीकडच्या संगणकांतील भाग जितके बारीक, तितके त्यांना बिघडावयास थोडे पुरते. म्हणून अवकाशात पाठवण्याचे संगणक निराळ्या रीतीने घडवतात, वर्षानुवर्षे तपासतात, आणि तोवर बाजारातले संगणक दोन पिढ्या पुढे जातात. त्या चुणचुणीत मुलाला द्यावयाचे उत्तर हे. तो संगणक जुना वाटतो, कारण त्याची परीक्षाच लांबली.

ही परीक्षा अपुरी झाली तर? ९ नोव्हेंबर २०११ रोजी रशियाचे 'फोबोस-ग्रुंत' हे यान मंगळाच्या चंद्रावरची माती आणावयास निघाले. पृथ्वीभोवतीच्या कक्षेतून पुढे जाण्यासाठी इंजिन पेटावयाचे ते पेटलेच नाही. १५ जानेवारी २०१२ रोजी ते यान, आपल्याबरोबर नेलेल्या चीनच्या लहान यानासकट, पृथ्वीवर कोसळले. रशियन चौकशी समितीने निष्कर्ष काढला की, संगणकाचे दोन्ही संच कणांच्या माऱ्याने बहुधा एकाच वेळी बंद पडून पुन्हा सुरू झाले, आणि त्यांतील स्मृतीचे काही भाग अवकाशाला लायक नव्हते. जाणकारांपैकी सर्वांनाच हे पटले नाही. परंतु धडा दोन्ही पक्षांना मान्य व्हावा असा आहे : जोडी ठेवली म्हणजे भागले असे नव्हे. दोघे एकाच दुखण्याचे असतील तर ते एकाच दिवशी अंथरूण धरतील.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर म्हातारा तेवढा शहाणा असा ग्रह व्हावयाचा. पर्सिव्हिअरन्स गाडीबरोबर 'इन्जेन्युइटी' नावाचे एक चिमुकले हेलिकॉप्टर मंगळावर गेले. हवेत तोल सांभाळावयाचा तर सेकंदाला कितीतरी वेळा हिशेब करावे लागतात. ते जुन्या तांडेलाच्या आवाक्यातले नव्हते. म्हणून त्याच्यावर चक्क मोबाइलच्या जातीचा संगणक बसवला, आणि तो मध्येच अडखळला तर सावरणारे दुसरे भाग त्याच्या पाठीशी दिले. त्याच्याकडून अपेक्षा पाच उड्डाणांची होती. १९ एप्रिल २०२१ ते १८ जानेवारी २०२४ या काळात पठ्ठ्याने बहात्तर केली! मात्र ध्यानात ठेवा, पोराला होडगे दिले ते खाडीत खेळवावयास. मोठ्या गलबताचे सुकाणू दिले नव्हते. ते हेलिकॉप्टर पहिल्याच दिवशी पडले असते तरी गाडीचे काम अडले नसते. धाडस कोठे करावयाचे हे ठरवणे, हाही निवडीचाच भाग आहे.

चौथा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो. आपल्याला झेपत नाही हे तांडेलाला कळते काय? 'न्यू होरायझन्स' हे यान २००६ च्या जानेवारीत प्लूटोकडे निघाले. साडेनऊ वर्षांचा प्रवास, भेट काही तासांची, १४ जुलै २०१५ ची. आणि ४ जुलैला यान एकाएकी गप्प! झाले होते असे की, मिळालेली चित्रे आवळून ठेवण्याचे काम चालू असतानाच पुढच्या भेटीचा कार्यक्रम लिहून घेण्याचे काम त्याच संगणकावर येऊन पडले, आणि एवढा भार त्याला सोसेना. पण त्याला आधीच शिकवून ठेवले होते की, असे झाले तर हट्टाने पुढे जावयाचे नाही. कारभार राखीव संगणकाकडे सोपवावयाचा, बाकीची कामे थांबवावयाची, तोंड पृथ्वीकडे करावयाचे आणि हाक मारावयाची. सुमारे दीड तासाने ती हाक पोहोचली. प्रश्नोत्तराच्या एका फेरीला नऊ तास, अशा स्थितीत तीन दिवसांत सारे पूर्ववत् झाले आणि प्लूटोची भेट चुकली नाही. नांगर टाकून थांबणे याला कोणी भित्रेपणा म्हणेल. किनाऱ्यावरच्या बायका-मुलांना विचाराल तर त्या निराळे सांगतील.

आता घरची गोष्ट. ७ सप्टेंबर २०१९ च्या मध्यरात्रीनंतर सारा देश जागा होता. चांद्रयान-२ चे 'विक्रम' चंद्रावर उतरत होते. चंद्र तसा जवळ. संदेश सव्वा सेकंदात पोहोचतो. पण उतरण्याची घाई अशी की तेवढाही उशीर चालत नाही, म्हणून तेथेही सर्व कारभार संगणकाकडेच. शेवटच्या टप्प्यात संपर्क तुटला आणि विक्रम आदळले. काय चुकले ते पुढे २०२३ मध्ये इस्रोचे तेव्हाचे अध्यक्ष सोमनाथ यांनी मोकळेपणाने सांगितले. इंजिनांचा जोर अपेक्षेपेक्षा थोडा अधिक पडला. मधल्या टप्प्यात चित्रे घेण्यासाठी यानाने स्थिर राहावयाचे होते, त्यामुळे ती चूक लगेच सुधारता आली नाही, साचत गेली. मग ती भरून काढावयाला यानाला भरभर वळावयास हवे होते. पण अमुक वेगापेक्षा जलद वळावयाचे नाही अशी मर्यादा आपणच त्याला घालून दिलेली. आणि उतरण्याची जागा? पाचशे मीटर लांब, पाचशे मीटर रुंद. जमीन जवळ आली तरी ते बापडे त्या चौकोनाकडेच धावत राहिले.

आता यात तांडेल मूर्ख होता काय? मुळीच नाही. सांगितले ते त्याने अक्षरशः केले. सांगणाऱ्यांनी सगळे नीट घडेल तर काय करावयाचे याचा विचार अधिक केला होता, बिघडेल तर काय याचा कमी. चांद्रयान-३ च्या वेळी विचाराची दिशाच उलटी केली गेली : काय काय बिघडू शकते ते आधी मांडावयाचे, आणि प्रत्येक वेळी यान कसे वाचेल ते पाहावयाचे. उतरण्याची जागा सुमारे चार किलोमीटर लांब आणि अडीच किलोमीटर रुंद धरली. इंधन वाढवले, पाय बळकट केले, वेग मोजणारे नवे साधन दिले, सूचना सुधारल्या. २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटांनी विक्रम अलगद टेकले. त्या वेळी बंगळुरूच्या केंद्रात बसलेल्यांपैकी कोणाचाही हात सुकाणूवर नव्हता, आणि त्यांनीच तो आधी जाणूनबुजून काढून घेतलेला होता.

असे कणखर संगणक परदेशातून घ्यावयाचे तर परवान्यांची आडकाठी असते. म्हणून आपल्याकडे ते घडवण्याचे काम बरीच वर्षे शांतपणे चालू आहे. मोहालीच्या कारखान्यात तयार झालेला 'विक्रम-१६०१' हा २००९ पासून आपल्या अग्निबाणांवर काम करू लागला. त्याचा मोठा भाऊ 'विक्रम-३२०१' मार्च २०२५ मध्ये इस्रोच्या स्वाधीन झाला. बाजारातल्या मोबाइलशी तुलना केली तर दोघेही मंदच ठरतील. त्यांची भरती त्या शर्यतीसाठी झालेलीच नाही.

तेव्हा वाचकहो, तुमच्या घरातल्या चुणचुणीत मुलाने पुन्हा तो प्रश्न केला तर त्याला सांगा की, लांब पाठवावयाचा माणूस निवडताना त्याची हुशारी शेवटी पाहावी. आधी पाहावे की त्याला नवे शिकवता येते काय, एकटा असताना दुखणे काढील काय, झेपेनासे झाले तर थांबेल काय. आणि एवढे पाहून झाल्यावर मालकाने स्वतःलाही एक प्रश्न विचारावा : याला चुका करून सावरावयाला मी जागा किती ठेवली आहे? पाचशे मीटर की चार किलोमीटर? कारण तांडेलाची परीक्षा वादळात होते; मालकाची होडी लोटण्यापूर्वीच होऊन गेलेली असते.